एक लाख बारा हजार

हेल्दुरने लॅपटॉप काउंटरवर ठेवला
लोकरी मफलरमध्ये गुंडाळलेला, अजून कोमट.
म्हणाला, "शहर अडतंय."

एस्टोनियाच्या ईशान्येला, तेलदगडाच्या खाणींपाशी
माझं दुरुस्तीचं दुकान.
फेब्रुवारीत गिऱ्हाईक कमी, बर्फ जास्त.
मी मागचं झाकण उघडलं:
पंख्याच्या पात्यांत मांजराचे केस, राईच्या पावाचा चुरा,
प्रोसेसरवरचा लेप वाळून खडू झालेला.
"यावर गेम खेळता?"
"गेम नाही," तो म्हणाला, "नगररचना."

एकतीस वर्षं त्याने या गावचे सिग्नल सांभाळले.
खाण बंद झाली, पाळीच्या बसगाड्या गेल्या,
मग शाळेची एक तुकडी, मग दुसरी,
आणि पालिकेने सगळे दिवे
पिवळ्या उघडझापीवर टाकून दिले.
लाल लावायचा तर समोरून कुणी यावं लागतं.

त्याच्या शहरात मात्र एक लाख बारा हजार माणसं.
चाळीस हजारांपर्यंत सुरळीत, म्हणाला,
साठला पंखा ओरडू लागला,
नव्वदला गाड्या वळणावर थबकू लागल्या,
घरचा गॅस बंद केला का, ते आठवत असल्यासारख्या.
आता तिथलं एक मिनिट म्हणजे माझी चार.

मी समजावलं (हे मी आठवड्यातून एकदा तरी
कुणाला ना कुणाला समजावते):
चित्र काढायचं काम ग्राफिक्स कार्डाचं, ते निभतं.
पण लाखभर जिवांना, एकेकाला,
घरापासून कामापर्यंतची वाट शोधून द्यायची
ते प्रोसेसरचं.
कोअर आठ आहेत खरे,
पण तुमच्या या जुन्या गेमचं जू एकाच्याच मानेवर,
बाकीचे सात बांधावर उभे:
हं, चालू दे.
"पालिकेतही असंच होतं," हेल्दुर म्हणाला.

मग खुर्ची पुढे ओढून, हळू आवाजात:
"एवढंच सांग,
स्टेशनसमोरच्या चौकात कोंडी होते,
ती गाड्यांची की तुझ्या त्या कोअरची?"

मला सांगता येईना.
अडकलेली गाडी आणि अडकलेलं चित्र
दिसायला सारखंच.

मागच्या टेबलावर एक नवा डेस्कटॉप होता,
नार्वाच्या कुणाचा, सोमवारी न्यायचा,
काचेच्या पोटात पाण्याच्या नळ्या, चौसष्ट जीबी.
मी त्याची सेव्ह फाइल त्यावर चढवली.
आणि शहर धावलं.
ट्रॅम वळल्या, धूर सरळ वर गेला,
पुलाखालून नाव गेली तीसुद्धा न अडखळता.
फक्त स्टेशनसमोर
गाडीला गाडी चिकटून रांग, थेट नदीपर्यंत.

हेल्दुर उभा राहिला. टोपी काढली.
"चूक माझी आहे!"
पेढे वाटणाऱ्या माणसाच्या आवाजात.
"माझी चूक आहे, मारिका, यंत्राची नाही!"

डावं वळण बारा सेकंद, तिथे एकोणीस हवेत.
बसथांबा कोपऱ्याला फार जवळ, तो मागे सरकवला.
सहाला मी शटरची किल्ली वाजवली.
"दोन फेऱ्या," तो म्हणाला. नऊ झाल्या.
मग रांग सुटू लागली,
वेणीचा गुंता सोडवावा तशी, टोकाकडून.

नवा डेस्कटॉप घ्या, असं मी म्हटलंच नाही.
लेप लावलेला, केस काढलेला लॅपटॉप
त्याने पुन्हा मफलरमध्ये बांधला.
"घरी अडेलच. अडू दे.
आता कोण अडवतंय ते ठाऊक आहे."
साफसफाईचे पंधरा युरो दिले,
वर वर्तमानपत्रात बांधलेला एक धुरावलेला मासा.

नार्वाच्या माणसाला यंत्र कोरं द्यायचं.
मी माउस हातात घेतला, नि नुसतं थांबवलं.
नव्या थांब्यावर एक बस, दार उघडं,
पायरीवर कुणाचं तरी एक पाऊल.

आज शुक्रवार.
पुसते रविवारी.